नंदिनीच्या खुब्याचं हाड

नागपूर
दि. २० ऑक्टोबर

ती. आत्यास,
नंदिनीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

दीक्षाभूमीवर गर्दीत माझा हात धरून तू विचारलंस की एवढी काहून वाळलीस, आणि मी नुसतीच हसली. सरांनी थोडीच सुट्टी दिली होती, त्यामुळे सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. इथे अकॅडमीत फोन सरांच्या कपाटात असतात. रविवारी मिळतात, तेही सगळ्या मुली आजूबाजूला उभ्या असताना. त्यात बाबांशी बोलू की तुझ्याशी? म्हणून कागद घेऊन बसली आहे. तू मास्तरीण होतीस, चुका काढल्याशिवाय राहणार नाहीस हे माहीत आहे. तरी लाल पेन जरा लांब ठेव.

पहाटे काटोल रोडवर डांबरावर पळतो. मग मैदानावर आठशे मीटरचे राउंड, मग खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन उठाबशा. संध्याकाळी पुन्हा तेच. मागच्या पोलीस भरतीत मी दोन गुणांनी राहिली, ते मनातून जात नाही. या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही. सर फौजेतून आलेले आहेत, मनाने वाईट नाहीत. कोणाला ताप आला तर स्वतः चहा करून देतात. पण त्यांचं म्हणणं असं की दुखतं तेव्हा शरीर खोटं बोलत असतं, त्याचं ऐकायचं नाही. दर सोमवारी वजन करतात. हलकी मुलगी जोरात पळते म्हणतात. मी भात सोडला, रात्री एक पोळी आणि काकडी. आणि आत्या, माझा टाइम खरंच कमी झाला. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.

तुला म्हणून सांगते, उन्हाळ्यापासून माझी पाळी आलेली नाही. इथे बऱ्याच मुलींचं तसंच आहे. माझ्या बाजूच्या पलंगावरची उमरेडची अदिती म्हणते की बरंच झालं, एक कटकट गेली. मलाही तसंच वाटतं. नडगी थोडी दुखते, त्यावर बर्फ लावते. काळजी करू नको.

तुझं मनगट कसं आहे? भांडी घासायला बाई लाव, ऐकत जा.

तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी,
नंदिनी


खापा
दि. २७ ऑक्टोबर

चि. नंदूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

लाल पेन हाती घेतलं नाही, कारण चूक शुद्धलेखनाची नव्हती. कटकट गेली असं तू लिहिलंस, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

बाळा, मी काही डॉक्टर नाही. पण मागच्या पावसाळ्यात मी मोरीत घसरले, नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं, हे तू पाहिलंस. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? पाळी जाऊन किती वर्षं झाली. मला नवल वाटलं, मोडलंय मनगट आणि हे विचारतात काय. ते म्हणाले की ती गेली की बाईची हाडं हळूहळू पोकळ व्हायला लागतात. मी साठीची आहे, माझं ठीक आहे. तू एकविसाची आहेस. माझ्या वयात जे व्हायचं ते तुझं आत्ताच का व्हावं, हे मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याची मला भीती वाटते.

तू लहानपणापासून जोरातच पळतेस. कन्हान नदीच्या काठावरून तुला घरी आणायला मला रोज पोराटोरांची मदत घ्यावी लागायची. तुला पळू नको म्हणणार नाही. पण रिकाम्या पोटी कोणी बैलही जुंपत नाही गं.

गावातला धोंडबा संत्र्यांची गाडी घेऊन नागपूरला निघालाय, त्याच्यासोबत तिळाचे लाडू, जवसाची चटणी आणि शेंगदाणे पाठवत आहे. वाटून खा, पण आधी तू खा. आणि एखाद्या डॉक्टरला दाखव. येऊ का मी?

इकडे सगळं ठीक. तुझा बाबा गडचिरोलीहून फोन करतो आणि दुसऱ्याच वाक्याला, हो बाई, ठेवतो आता, म्हणतो. त्याची एसटी मागे हॉर्न देत उभी असल्यासारखा.

पत्राची वाट पाहते. जिवाला जप.
तुझी,
आत्या


नागपूर
दि. १६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

लाडू मिळाले. एक खाल्ला, बाकीचे मुलींनी संपवले. सोमवारी वजनाचा काटा दिसतो ना डोळ्यांसमोर.

भरतीची तारीख लागली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचं मैदान, म्हणजे पळण्याची चाचणी आहे. सगळ्या अकॅडमीत तेच एक बोलणं सुरू आहे.

आता हे कोणालाही सांगू नकोस. नडगी बरी आहे, पण डाव्या जांघेत खोलवर दुखून राहिलं आहे. आधी पळताना दुखायचं, थांबलं की जायचं. आता चालतानाही दुखतं. पँट घालताना डाव्या पायावर उभं राहता येत नाही, पलंगावर बसून घालते. झोपेत कूस बदलली की जाग येते. सरांसमोर लंगडायचं नाही म्हणून ओठ दाबून चालते. अदितीचाही पाय दुखतो, ती गोळी घेऊन पळते. मीही घेते.

बाबांनी अख्ख्या डेपोत सांगून ठेवलंय. कंडक्टर लोक त्यांना पोलीसवालीचा बाप म्हणतात. रविवारी फोनवर त्यांचा आवाज ऐकला की माझ्याने काही बोलवत नाही. आई गेल्यापासून त्यांनी इतकं खूश होऊन कधी काही सांगितलेलं मला आठवत नाही. त्यांना यातलं काही कळता कामा नये. आणि ते पाळीचं तर मुळीच नाही. बापाला असं कोणी सांगतं का?

तू येऊ का म्हणतेस तर ये. रविवारी दुपारी सुट्टी असते. पण डॉक्टरने पळू नको म्हटलं तर मी ऐकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
नंदिनी


खापा
दि. १ डिसेंबर

चि. संघपालास,
बाईचे आशीर्वाद.

तुला वाटेल फोन असताना बाईने पत्र कशाला लिहिलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू मधेच हो बाई म्हणून ठेवून देशील, आणि मलाही धीर होणार नाही. एकटा असशील तेव्हा, शांतपणे शेवटपर्यंत वाच.

मी दोनदा नागपूरला जाऊन आले. नंदूला धरमपेठेत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मिनल म्हणून आहेत, तरुण बाई आहेत, पण घाई करत नाहीत. साध्या फोटोत काही दिसलं नाही. त्यांनी एमआरआय करायला लावला, त्यात दिसलं. डावीकडे खुब्यात मांडीच्या हाडाची जी मान असते, तिथे चीर गेली आहे. पडून नाही, आपटून नाही. पळून पळून.

मी विचारलं की व्यायामाने हाड मजबूत होतं असं मी शाळेत पोरांना शिकवत आले, ते खोटं होतं का? त्या म्हणाल्या की खोटं नाही. हाड दगडासारखं नसतं, जिवंत असतं. मेहनत केली की थोडं झिजतं आणि विश्रांतीत पहिल्यापेक्षा घट्ट भरून येतं. पण भरून यायला अन्न लागतं आणि उसंत लागते. हिला दोन्ही नाही. ही जेवढं पळते तेवढं जेवत नाही. मग शरीर काटकसर करतं, आणि सगळ्यात आधी पाळी बंद करतं. संघपाल, तुझ्या पोरीची पाळी उन्हाळ्यापासून बंद आहे. ती बंद झाली की हाडाची राखणही जाते. त्यांनी हाडांची घनता मोजली, ती तिच्या वयाच्या मुलीत असायला हवी त्याहून बरीच कमी निघाली.

आता मुख्य गोष्ट. ती अशीच पळत राहिली तर हाड मोडू शकतं. मोडून सरकलं तर ऑपरेशन करून स्क्रू टाकावे लागतील, आणि त्यानेही जमेलच असं नाही. वरच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटला तर खुबा कायमचा जातो. आत्ता थांबली, कुबड्या घेऊन पाय टेकवला नाही, नीट जेवली, तर आपोआप भरून येईल असं त्या म्हणतात. नंदूने सगळं ऐकलं आणि विचारलं की मोडेलच असं नक्की आहे का? डॉक्टर खरं बोलल्या, म्हणाल्या की नक्की असं कोणीच सांगू शकत नाही. ही लगेच म्हणाली, मग मी पळणार.

परत जाताना ऑटोत तिने मला तिच्या आईची आण घातली की बाबांना सांगायचं नाही. मी मान डोलावली. चार दिवस मी ती पाळली. आज मोडते आहे. माझ्याशी ती बोलणार नाही, ते मी गृहीत धरलं आहे. मी आत्या आहे, अकॅडमीतून तिला बाहेर काढायचा अधिकार माझा नाही. तुझं मात्र ती ऐकेल.

चिडू नकोस तिच्यावर. ती तुझ्यासाठीच पळते आहे.

तुझी,
बाई


गडचिरोली
दि. ५ डिसेंबर

ती. बाईस,
धाकट्याचा जय भीम.

पत्र भेटलं. डेपोच्या रेस्टरूममध्ये वाचलं. खरं सांगतो, पाळीचं आलं तिथं मले पत्र घडी करून खिशात टाकावंसं वाटलं. बाजूले दोघं जण डबा खाऊन राहिले होते, मले वाटलं त्याइले माझ्या तोंडावर दिसून राहिलं. मग बाहेर गाडीत जाऊन बसलो अन् पुरं वाचलं.

बाई, तीस वर्षं झाली गाडी चालवून राहिलो. खालून आवाज आला तर मी गाडी पुढं नेत नाही. प्रवासी शिव्या देते, कंट्रोलर ओरडते, तरी नेत नाही. अन् पोरगी फोनवर हळू बोलून राहिली, तर मले वाटलं थकली असन.

नोकरी पाहिजे होती मले, खोटं नाही बोलत. तिच्या अंगावर वर्दी पाहाची होती. पण लंगड्या पोरीच्या वर्दीचं मी काय करू?

रजा टाकली आहे. परवा जाऊन राहिलो. इकडं माझ्याजवळच आणतो. पोरगी रागावन तर रागावो. तुले बी बोलन, तयारी ठेव.

तुझा,
संघपाल


गडचिरोली
दि. १२ डिसेंबर

आत्यास,
जय भीम.

बाबांनी समोर बसून लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे.

बाबा आले तेव्हा आम्ही सगळ्या मैदानावर रांगेत होतो. त्यांनी सरांना सांगितलं की मुलीला घेऊन चाललो. सर म्हणाले की भरती तोंडावर आली आहे, तुमची पोरगी माझी सगळ्यात चांगली पोरगी आहे, थोडं दुखणं सगळ्यांचंच असतं. तेव्हा बाबांनी खाकी शर्टाच्या खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि तिथेच, सगळ्या मुलींसमोर, म्हणाले की माझ्या पोरीची पाळी बंद आहे, हाडाले चीर आहे, अन् तुम्ही तिले अजून पळवून राहिले. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

मी आईची आण घातली होती. तुला दुसऱ्या कोणाची घातली असती तर वेगळं. आईची घातली होती.

आता कुबड्या आहेत. पाय टेकवायचा नाही. दिवसभर बाबांच्या खोलीत छताकडे बघत बसते. तू जिंकलीस. पुन्हा फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

नंदिनी


खापा
दि. ८ जानेवारी

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागद. उत्तर लिही असं म्हणत नाही.

परवा तुझ्या भरतीचं मैदान होतं. पहाटेच जाग आली. तुम्ही पळता ती वेळ झाली तेव्हा मी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. तुझी तयारी होती, तू निवडली गेली असतीस, हे मला ठाऊक आहे. तुझं काय गेलं ते मला कळत नाही असं समजू नकोस.

मी जिंकले असं तू लिहिलंस. घरात तुझ्या आईचा फोटो आहे, त्याच्याकडे बघायला मला अजून जड जातं. तिची आण मोडली, ते मी कोणत्या तोंडाने बरोबर म्हणू? पण तिने मरताना तुला माझ्या हातात दिलं तेव्हा पोलीस कर असं सांगितलं नव्हतं. धड ठेव म्हणाली होती. दोन्हींतलं एकच पाळता येणार होतं.

एवढंच. संत्री पाठवली आहेत, आंबट आहेत यंदा. बाबाला उकडलेली अंडी करता येतात का? नसतील तर त्याला शिकव, बसल्या बसल्या शिकवता येईल.

तू कुठेही असशील तिथे माझी माया आहे.
आत्या


गडचिरोली
दि. २ फेब्रुवारी

ती. बाईस,
जय भीम.

नंदी ठीक आहे. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसं खाऊ घालून राहिलो. सकाळी अंडी, दुपारी वरण-भात, ज्वारीची भाकर, संध्याकाळी दूध. आधी आठ दिवस ताटात नुसती बोटं फिरवे. मग मी बी जेवणं बंद केलं. ते म्हणे नाटक करू नका. मी म्हटलं, तू बी नको करू. तेव्हापासून खाते.

भरतीच्या दिवशी फार रडली. मी ड्युटी बदलून घेतली होती, घरीच होतो. बाजूले बसून राहिलो. मागून ते अदिती नावाची पोरगी आहे ना, तिचा फोन आला. ते गोळ्या खाऊन पळाली अन् मैदानात पास झाली. फोन ठेवल्यावर नंदीनं मले विचारलं की बाबा, तिचं हाड टिकलं, माझं टिकलं नसतं का? मी म्हटलं, मले नाही माहीत. मी तुले पणाले लावू शकलो नाही, एवढंच माहीत आहे.

तुझं पत्र तिनं वाचलं. मले दाखवलं नाही, पण फेकलंही नाही.

एक गोष्ट सांगू का? डॉक्टरीणबाई म्हणे हाड भरून येते का नाही हे पाहाची घरातली खूण म्हणजे पाळी परत येणं. तू येथं नाही, तिची माय नाही. मग विचारन कोण? पंधरा दिवस तोंडात घोळवलं. काल जेवताना विचारलं. ते माझ्याकडं पाहतच राहिली. मग खाली पाहून म्हणे, नाही बाबा, अजून नाही. मी म्हटलं, बरं. अन् दोघंबी जेवलो.

तुझा,
संघपाल


गडचिरोली
दि. १८ मे

ती. आत्यास,
नंदिनीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इतके महिने लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि काय लिहायचं ते सुचायचं नाही.

मार्चमध्ये पुन्हा एमआरआय झाला. चीर भरली आहे. कुबड्या तर त्याआधीच सुटल्या होत्या. आधी खोलीत चालली, मग बाबांसोबत डेपोपर्यंत. आता मिनल मॅडमनी सावकाश पळायची परवानगी दिली आहे, थोडं चालायचं, थोडं पळायचं, मधे एक दिवस पूर्ण आराम. पहिल्या दिवशी मला पळायचीच भीती वाटली, आत्या. मला. पाय टेकला की जांघेकडे लक्ष जायचं. तिथे काही झालं नाही. घरी आल्यावर भूक लागली, ती किती दिवसांनी लागली ते आठवेना. हाडांची घनता मात्र एवढ्यात वाढत नाही, त्याला वर्षं लागतात, आणि पूर्ण भरेलच असं मॅडम म्हणत नाहीत. पुढची भरती निघेल तेव्हा पाहू. वय आहे माझं अजून.

अदितीचं यादीत नाव लागलं. मी तिला फोन करून अभिनंदन केलं आणि मग खूप वेळ अंगणात बसून राहिली. ती म्हणाली की पाय अजून दुखतो आणि ट्रेनिंग सुरू व्हायचं आहे. मी तिला मॅडमचा पत्ता दिला, आणि पाळीचंही विचारलं. तिने विषय बदलला. मीही तसाच बदलत होती, म्हणून मी पुन्हा विचारलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. परवा माझी पाळी आली. बाबा ड्युटीवरून नुकतेच आले होते, चप्पलही काढली नव्हती. मी म्हटलं, बाबा, आली. त्यांना क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा ते तसेच मागे वळले आणि बाहेर पडले. मला वाटलं लाजले. म्हणून मी हळूहळू त्यांच्या मागे गेली. ते चौकातल्या मेडिकलमध्ये उभे होते. दुकानात गर्दी होती, त्यांच्या डेपोतले दोघं कंडक्टरही होते. दुकानदाराने पॅडचं पाकीट काढलं आणि नेहमीसारखं पेपरात गुंडाळायला लागला. बाबांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले की काहून गुंडाळून राहिले, राहू द्या तसंच, माझ्या पोरीचं हाड भरून आलं आहे.

कंडक्टर काका समजल्यासारखं हसले, पण त्यांना काही समजलं नव्हतं. बाबा ते पाकीट हातात तसंच धरून रस्त्याने माझ्यासोबत आले. मी एकदा मागितलं, तर त्यांनी दिलं नाही.

अकॅडमीत त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं तेव्हा मला मरून जावंसं वाटलं होतं. त्या दिवशी नाही वाटलं.

आईची आण तू मोडलीस, ते मला अजून टोचतं. टोचणार नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तुला ते लगेच कळेल. पण ये. ऊन फार आहे, सकाळच्या गाडीने निघ, बाबांना नंबर विचारून ठेवते. तुझ्याशी भांडायचं राहिलं आहे, ते कागदावर होत नाही.

वाट पाहते,
तुझी,
नंदू